भलत्या बाईचं ताट

१

शामूआत्याला जाऊन येत्या बुधवारी तिथीनं वर्ष होत होतं, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना तिच्या प्रेमाचा उमाळा आला होता. जिवंत होती तोवर तिच्या खोलीवरून जाताना यांची नाकं मुरडायची. मेल्यावर मात्र तिच्यावर चोवीस पानांची पुस्तिका निघणार होती. नाव ‘शांत ज्योत’. हे नाव मोठ्या बाबांचं. मोठे बाबा म्हणजे विहंगचे थोरले काका गिरिधरराव. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणं लिहिली, निवृत्त झाले, आणि तेव्हापासून लिहायला काही नाही म्हणून कासावीस होते. बहीण मेल्यानं त्यांची सोय झाली.

टाइप करायचं काम विहंगच्या गळ्यात आलं. “नाहीतरी तू घरीच असतोस,” मोठे बाबा म्हणाले. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडून विहंग दीड वर्ष घरी होता. ही गोष्ट त्याला माहीत नसावी अशा समजुतीनं घरात रोज कोणी ना कोणी ती त्याच्या कानावर घालायचं.

सकाळी अकराला तो लॅपटॉप घेऊन आत्याच्या खोलीत बसायचा. हुडकेश्वरच्या त्या दोन मजली घरात मे महिन्यात टेकता येईल अशी ती एकच खोली. खिडकीत तिचा जुना लोखंडी कूलर. मागं पडद्याआड तिचा स्वतःचा ओटा आणि गॅस. मोठ्या आईच्या, म्हणजे थोरल्या काकूच्या, स्वयंपाकघरात मटण चालत नव्हतं, म्हणून आत्यानं आपली चूल वेगळी मांडली होती. कूलरचा पंखा दर पाचेक मिनिटांनी खडखडायला लागायचा. आत्या पायातली स्लिपर काढून पत्र्यावर एक सणसणीत हाणायची, की कूलर गप. आता विहंग हाणायचा. स्लिपर तीच, पुरुषी मापाची, निळ्या पट्ट्याची.

पहिलं पान यमुताईंचं होतं. यमुताई ही आत्याची थोरली बहीण, वर्षातून दोनदा दर्शन देणारी. तिनं लिहिलं होतं, ‘शामला कधी मोठ्याने बोलली नाही. तिच्या ओठांवर सदैव मंद स्मित असे. व्यसन तर सोडाच, चहासुद्धा ती आग्रह केला तरच घेई.’

विहंग एकटाच खो खो हसला. शामूआत्या बोलायला लागली की चौथ्या घरचं कुत्रं उठून बसायचं. सोड्याची बाटली दातानं उघडायच्या पैजेत तिचा पुढचा दात अर्धा गेला होता, आणि हसायची ती सगळं तोंड उघडून, तो तुटका दात जगाला दाखवत. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत सव्वीस वर्षं ती हजेरी घ्यायची. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा तिची, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि शिव्या अशा की बाप्ये खिडकीबाहेर बघायचे. विहंगचे आईबाप नोकरीच्या मागं रायपूरला गेले तेव्हा चार वर्षांचं पोर तिच्याकडं ठेवून गेले, ते न्यायला आलेच नाहीत. तिनं त्याला वाढवलं, आणि अठरा वर्षांत एकदाही ‘बाळा’ म्हटलं नाही.

पान टाइप झालं तसा त्यानं फोन काढला. त्यात तिचा आवाज शिल्लक होता. एक्केचाळीस सेकंद, जाण्याच्या आदल्या दिवशीचे.

“अबे विहंग्या, मेला का बे कुठं? घंटाभर झाला, मी वाट पाहून राहिली. येतानी खर्रा आन. अन् त्या गिरध्याले सांगू नको, नाही त लेक्चर झाडते तो. आयकू येते का, भैताड?” मग खोकला, मग ते हसणं, आणि मागं कूलरवर स्लिपरची थाप.

एवढं ऐकलं की यमुताईंचं मंद स्मित धुऊन निघायचं. तिचं म्हणावं असं त्याच्याजवळ एवढंच होतं, आणि ते पुरेसं आहे असं त्याला वाटायचं.

२

दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या टेबलाचा खण उघडला. आत स्टीलची चपटी डबी होती. तिनं घेतलेला शेवटचा खर्रा तिच्यात होता, पन्नीत बांधलेला, वर्षात वाळून दगड झालेला. कधी कधी तो ती डबी उघडून वास घ्यायचा. तंबाखू, चुना, सुपारी. आत्या.

डबीत फुलवाती होत्या. तुपात भिजवून थिजवलेल्या, एकीला एक लावून बसवलेल्या.

मोठी आई पुढच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिचं नाव चारुशीला. स्वभावात नावातलं काहीही उतरलेलं नव्हतं.

“आत्याच्या डबीतला खर्रा तू फेकला का?”

“कसला खर्रा?”

“तिचा. आणखी कोणाचा?”

“शामलाताई अन् खर्रा?” मोठ्या आईच्या हातातली काडी तशीच राहिली. “काहीतरीच बोलून राहिला तू. त्या डबीत वाती असायच्या त्यांच्या. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या ना.”

“तूच तर सात वर्षं भांडत होती तिच्याशी! खिडकीतून थुंकते, भिंत लाल करते म्हणून.”

“मी? शामलाताईंशी?”

मोठी आई खोटं बोलताना कधी समोर बघत नसे. पदराचं टोक धरायची, आणि नजर खाली. हे विहंगला लहानपणापासून पाठ होतं. आत्ता ती सरळ त्याच्या डोळ्यात बघत होती, आणि तिच्या तोंडावर चक्क कीव होती.

तो तडक घराच्या मागच्या बाजूला गेला. खिडकीखालच्या भिंतीवर लाल-तपकिरी ओघळांचा मोठा फराटा होता. म्हणजे असायला हवा होता. भिंत स्वच्छ होती. बरं, नवा रंग म्हणावा तर तोही नाही. तोच जुना पिवळा रंग, पोपडे आलेला, त्यावर धूळ आणि कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. त्यानं नखानं खरवडलं. खाली चुना, त्याखाली वीट. लाल काही नाही.

उन्हानं उडाला असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. नागपूरच्या उन्हात काय राहतं? आणि मोठी आई म्हणजे... नाटकीच बाई, आज नजर वर ठेवायला शिकली असेल.

डाग तेवढे उडवून जाळं जागच्या जागी ठेवणारं ऊन त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण हा विचार त्यानं पुढं जाऊ दिला नाही.

३

मोठ्या बाबांचा लेख सात पानं होता. ‘सासरी दुर्दैवाने सूर न जुळल्याने शामला माहेरी परतली. आम्ही तिचे सन्मानाने स्वागत केले. तिनेही कधी तक्रारीचा शब्द मुखातून काढला नाही.’

खरी हकीकत विहंगनं शेकडो वेळा ऐकली होती. नवऱ्यानं हात उचलला तशी आत्यानं अमरावतीच्या बसस्टँडवर पायातली जोडवी काढून फेकली आणि पत्र्याची पेटी घेऊन घर गाठलं. मोठ्या बाबांनी गेट उघडलं नाही. लोक काय म्हणतील, म्हणून. ती सांगायची, “गेटाबाहेर पेटीवर बसली मी दिवसभर. येनाऱ्या-जानाऱ्याले सांगे, हे गिरध्याचं घर हाये, आतले सारे मरून पडले हायेत. दिवेलागनीले लाजेकाजेनं उघडलं भाड्यानं!” आणि मग ते तोंडभर हसणं.

“मोठे बाबा, हे खोटं आहे,” विहंग कागद हातात घेऊन म्हणाला.

“काय खोटं आहे?”

“सन्मानानं स्वागत. तुम्ही गेट उघडलं नव्हतं.”

मोठ्या बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “असं कोण म्हणालं?”

“तीच म्हणायची.”

“शामला असं बोलणारच नाही,” मोठे बाबा शांतपणे म्हणाले. “आणि हे बघ, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं.”

“मग लिहा ना. पण गेलेल्या माणसाबद्दल लिहा. भलत्याच बाईबद्दल काहून लिहून राहिले?”

“विहंग, तुझ्याच्यानं एक पदवी पुरी झाली नाही. लेखनातलं तू मला शिकवू नकोस. टाइप कर.”

त्यानं टाइप केलं. रागारागात, कीबोर्डवर बोटं आपटत, एक अक्षर न बदलता. छापू द्या. लोक हसतील, थुंकतील यांच्या तोंडावर. असा सूड त्याला सुचला होता. इंजिनीअरिंगही त्यानं असंच कोणावर तरी सूड म्हणून सोडलं होतं.

मग मुखपृष्ठासाठी तिचा फोटो स्कॅन करायचा होता. एकच बरा फोटो होता, वेदिकाच्या लग्नातला. वेदिका ही मोठ्या बाबांची मुलगी. फोटोत आत्या लिंबू रंगाच्या साडीत, मान मागं टाकून, तुटका दात दाखवत हसत होती. विहंगनंच काढला होता तो.

स्क्रीनवर उमटलेल्या फोटोत लिंबू रंगाची साडी होती, मागं मांडवाची झालर होती. तोंड मिटलेलं होतं. ओठांवर मंद स्मित.

त्यानं मूळ प्रिंट काढून खिडकीशी धरली. तिच्यातही मिटलेलं. दोन फोटो काढले असतील आपण, तो मनाशी म्हणाला. एक हसतानाचा, एक हा. तो हसतानाचा कुठं तरी असेल. त्यानं सगळे खण उपसले, फोनमधलं लग्नाच्या वर्षाचं सगळं पाहिलं. त्या लग्नात आत्या अकरा ठिकाणी होती आणि अकराही ठिकाणी तिचं तोंड मिटलेलं होतं.

कूलर खडखडायचा थांबला होता, हेही तेव्हाच त्याच्या लक्षात आलं. सकाळपासून त्यानं स्लिपर हातात घेतली नव्हती.

४

त्यानंतर आवाज यायला लागले. दुपारी, दोन-अडीचच्या सुमाराला, म्हातारे वर पंख्याखाली घोरत असताना.

शामूआत्याचं भूत आलं असतं तर विहंगला आनंदच झाला असता. खरंच झाला असता. तो वर्षभर त्याची वाट बघत होता. भूत आलं असतं ते स्लिपर फटाफट आपटत आलं असतं, डबे आदळले असते, पहिली हाक शिवी घालून मारली असती. पण पडद्याआडच्या ओट्याशी जे वावरत होतं ते अनवाणी होतं. पावलं मऊ, एकसारखी, मोजून टाकल्यासारखी. आणि त्यांच्यासोबत बांगड्या. काचेच्या, भरगच्च. आत्याच्या हातात घड्याळाखेरीज काही नसायचं.

त्यानं पडदा सारला. ओटा कोरडा, पुसलेला. तिच्या मटणाच्या पातेल्याच्या जागी एक छोटी पितळी समई.

शेजारच्या घरातला आवाज असेल, तो मोठ्यानं म्हणाला. भिंतीला भिंत आहे. समई मोठ्या आईनं ठेवली असेल. या घरात त्याच्याशिवाय सगळे पितळेवर जीव टाकणारे आहेत.

त्याला साक्षीदार हवा होता. घराबाहेरचा. इंदूबाई आठवल्या. इंदूबाई सूतगिरणीच्या कँटीनमध्ये होत्या, आत्याच्या जिवाभावाच्या. तेराव्याला आल्या तेव्हा अंगणात बसून त्यांनी विहंगला गोष्ट सांगितली होती. एका सुपरवायझरनं नव्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, तर आत्यानं हजेरीचं रजिस्टर त्याच्या थोबाडावर असं हाणलं की त्याच्या नाकातून रक्त आलं, अन् वर म्हणे, आता लागली तुझी हजेरी. सांगता सांगता इंदूबाई रडल्या होत्या आणि हसल्याही होत्या.

त्यानं फोन लावला.

“कोन गा? विहंग का? बरा हायेस ना बाबू?”

“मावशी, ती रजिस्टरची गोष्ट सांगा ना. पुस्तिकेत टाकायची आहे.”

“कोनती गा?”

“सुपरवायझरच्या तोंडावर हाणलं ती.”



“कोनी हानलं? शामलाबाईनं?” इंदूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “नाही गा. तुह्या ऐकन्यात काही चूक झाली. सव्वीस वर्सं संग होती मी, कोनाले अर्धं बोलली नाही ती बाई. सुपरवायझर त तिले देवी म्हने.”

“मावशी, तुम्हीच सांगितलं. अंगणात बसून. लिंबाखाली.”

“मी कायले सांगन असं? मेलेल्या मानसाच्या नावानं?” मग आवाज एकदम मायाळू झाला. “जेवत-खात जा रे बाबू. तुह्या मनाले लागलं हाये.”

५

हे टाइप करण्यापासून सुरू झालं होतं, एवढं विहंगला कळलं. कसं, का, ते विचारायच्या भानगडीत तो पडला नाही. जे जे त्यानं टाइप केलं ते ते झालं होतं. त्यानं सगळी फाईल उडवली, रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला, आणि वर जाऊन मोठ्या बाबांना सांगितलं.

“मी फाईल डिलीट केली. पुस्तिका निघणार नाही.”

मोठे बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “परवाच मी पेनड्राइव्हवर घेतली होती. आठवड्याभरात तू असलं काही करशील हे मी पहिल्या दिवशीच चारुशीलेला सांगितलं होतं. दोनशे प्रती आल्याही छापून. एक पान मात्र तुझ्यासाठी कोरं सोडलंय. शेवटचं. आमची सगळ्यांची झाली, तुझं राहिलं. तुझं तू लिहून दे, वेगळं छापून आत चिकटवू.”

एक पान. विहंगला एवढंच पुरे होतं. सगळ्या खोट्याच्या शेवटी एक खरं पान. कोणी तरी एकानं तिला जशी होती तशी कागदावर धरलं तर तिला उभं राहायला जागा राहील, असं त्याला वाटलं. काय लिहायचं तेही ठरलेलं होतं. कॉलेज सोडल्याचं सांगितलं तो दिवस. बाकी सगळ्यांनी तोंड सोडलं होतं, रायपूरहून बापानं फोनवर अर्धा तास बौद्धिक घेतलं होतं. आत्या एकटी काय म्हणाली, आणि मग स्कूटीवर मागं बसवून त्याला कुठं घेऊन गेली, काय खाऊ घातलं, दोघांच्या नाकाडोळ्यांतून कसं पाणी वाहिलं. त्या दिवसावर तो दीड वर्ष जगत होता.

लॅपटॉप नको म्हणून त्यानं पेन घेतलं. लिहिलं, ‘मी कॉलेज सोडलं तेव्हा आत्या म्हणाली,’

आणि पेन थांबलं.

ती म्हणाली होती... सोडलं त सोडलं? असं काही तरी. नंतर एक शब्द होता. ती त्याला रोज म्हणायची तो. भ वरून होता. विहंगनं डोळे मिटले, तिचा चेहरा आठवला. चेहरा आला. शांत, ओठ मिटलेले, पाठीमागं समई. ‘प्रयत्न करत राहा, बाळा,’ तो चेहरा म्हणाला.

“नाही,” विहंग मोठ्यानं म्हणाला. “असं नाही.”

मग कुठं नेलं होतं? स्कूटी होती ना तिच्याकडं? होती. त्याच्या पायाला सायलेन्सरचा चटका बसल्याचा डाग आहे. त्यानं पँट वर करून पाहिलं. डाग होता. या डागाला धरून तो थोडा वेळ तसाच बसला. घाम कपाळावरून कागदावर पडत होता.

फोन. फोन आहे की. तिचा आवाज आहे, त्यात तो शब्दही आहे. डबीतल्या वाती पाहिल्यापासून त्यानं तो मुद्दाम लावला नव्हता. भीती वाटत होती हे आता कबूल करायला हरकत नव्हती.

एक्केचाळीस सेकंद. तीच तारीख, तीच वेळ.

“विहंग बाळा, जेवलास का रे? उशीर झाला तरी चालेल, सावकाश ये. माझी काळजी करू नकोस. मला काही नको.” मग बांगड्यांचा आवाज. मग उरलेला सगळा वेळ कोणी तरी फोनपाशी नुसतं बसून राहिल्याची शांतता.

६

बुधवारी गुरुजी आले, दर्भ आला, पिंड झाले. यमुताई प्रतापनगरहून रिक्षानं आल्या आणि उतरता उतरता रडायला लागल्या. हॉलमध्ये दोनशे पुस्तिकांचे गठ्ठे होते, वरच्या प्रतीला हार. शेवटचं पान कोरंच होतं.

या घरची एक रीत होती. वर्षाच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताट त्याच्या खोलीत मांडायचं आणि दार लोटून अर्धा तास बाहेर बसायचं. कोणी बोलायचं नाही. मग दार उघडून ताट गाईला घालायचं. मोठ्या आईनं केळीच्या पानावर खीर, वडे, कढी, भाजी, आणि मधोमध श्रीखंड वाढलं. “शामलाताईंना श्रीखंड म्हणजे जीव की प्राण,” ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

श्रीखंडाला आत्या काही तरी म्हणायची. आजाऱ्याचं खाणं की काय. विहंगला नक्की आठवेना, पण अंगातून एक जुनी तिडीक उठली, आणि ती खरी होती. त्यानं सकाळीच एक गोष्ट केली होती. करताना त्याला कारण नीट सांगता आलं नसतं. पाय आपोआप वळले तसा तो महाल भागात जाऊन एका सावजी भोजनालयातून मटणाचा डबा घेऊन आला होता. गल्ल्यावरच्या माणसानं त्याला ओळखलं होतं. “आज एकटाच? तुझी ती...” तो म्हणाला, आणि पुढं काय म्हणायचं होतं ते विसरल्यासारखा सुटे पैसे मोजायला लागला. कोपऱ्यावरच्या टपरीवरून विहंगनं खर्रा घोटून घेतला होता.

गुरुजी हात धुवायला गेले तेवढ्यात तो डबा आणि वर खर्ऱ्याची पन्नी, पानाच्या डाव्या हाताला ठेवून तो बाहेर आला. दोन्ही ताटं होती. ज्या बाईला यायचं ती येईल. मोठ्या बाबांनी दार लोटलं.

सगळे भिंतीला टेकून बसले. दुपारचे साडेबारा. बाहेर रस्त्यावर ऊन असं की कावळासुद्धा आवाज करत नव्हता. आतला कूलर चालू होता, एका सुरात, गुळगुळीत. विहंग कान देऊन बसला. एक स्लिपर. एक थाप. एक खोकला. देवाधर्माला त्यानं कधी काही मागितलं नव्हतं, आज मागत होता. शिवी दे गं. एक दे.

बांगड्या वाजल्या. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज. मग पानावरून बोट फिरल्यासारखी, अगदी बारीक, शिस्तीत, सावकाश खरखर. ती बराच वेळ चालली. यमुताईंची मान समाधानानं डोलत होती. मोठ्या बाबांनी डोळे मिटले होते, ओठांवर मंद स्मित. विहंगनं एकेकाकडं बघितलं. यांना ऐकू येत होतं. सगळ्यांना. आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दार त्यानंच उघडलं.

केळीचं पान लख्ख पुसलेलं होतं, खिरीचा थेंबही नाही, आणि देठाकडून नीट दुमडून ठेवलेलं. डबा जागेवर नव्हता. तो दाराच्या आत उंबऱ्यापाशी होता, घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर, न उघडलेला. चुकून घरात आलेली दुसऱ्याची वस्तू ज्याची त्यानं न्यावी म्हणून ठेवतात तसा.

पडदा हलत होता. त्याच्या खाली वीतभर जागा मोकळी होती. तिथं दोन पाय होते. अनवाणी, स्वच्छ, हळद लावल्यासारखे. दोन्ही पायांच्या बोटांत चांदीची जोडवी. टाचा मागं आणि बोटं इकडं. म्हणजे जे कोणी होतं ते पडद्यातून त्याच्याकडं तोंड करून उभं होतं.

“बाळा,” आवाज आला, “आधी तू जेवून घे.”

“हो, आत्या,” विहंग म्हणाला.

म्हटल्यावर त्याला ते ऐकू आलं. त्याच्या पाठीमागून मोठी आई आत डोकावली. “बघा, पान कसं पुसून जेवल्या! तृप्त झाल्या हो.” यमुताईंनी तिथूनच हात जोडले. त्यांना पाय दिसले की नाही कोण जाणे. दिसले असते तरी त्यांनी नमस्कारच केला असता. त्यांनीच बोलावलं होतं तिला, लिहून, छापून, श्रीखंड वाढून.

पंगत बसली. विहंग बसला. मोठ्या बाबांनी स्वतःच्या हातानं त्याच्या पानात श्रीखंड वाढलं. “तिच्या आवडीचं. आणि ते पान राहून गेलं तुझं. काय ते दोन ओळी सांग, मीच लिहून घेतो.”

“कधी मोठ्यानं बोलली नाही,” विहंग म्हणाला. “मला बाळा म्हणायची.”

“छान,” मोठे बाबा म्हणाले, आणि खिशाचं पेन काढून त्यांनी ते हाताच्या मागच्या बाजूला टिपून घेतलं.

जेवणं झाल्यावर तो खोलीत पान उचलायला गेला तेव्हा उंबऱ्यापाशी त्याला एक स्टीलचा डबा दिसला. झाकणाच्या कडेनं लाल तेल ओघळून वर्तमानपत्रावर पसरलं होतं. वर कसली तरी मळकी पन्नी.

“मोठी आई, हा डबा कोणी आणून ठेवला इथं?”

“तूच असशील,” ती आतून म्हणाली. “तुझ्याशिवाय असलं कोण खातं या घरात? श्राद्धाच्या दिवशी! टाक तो बाहेर.”

त्यानं तो मागच्या अंगणात नेला आणि खिडकीखाली उपडा केला. पिवळ्या भिंतीवर लाल ओघळ उडाले. वास एकदम नाकात चढला, घशात उतरला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. थांबेचना. तो भर उन्हात हातात रिकामा डबा घेऊन उभा राहिला आणि लहान पोरासारखा नाक ओढत राहिला.

तिखट असेल, त्याला वाटलं. आणि तो बादली घेऊन भिंत धुवायला लागला.